एकाच घरात दोन ‘सर्व्हायकल’: मानेचा मणका आणि पिशवीचे तोंड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या एमआरआय अहवालावर ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ असे निदान आले आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांनी आईला ‘सर्व्हायकल स्क्रीनिंग’ करून घ्यायला सांगितले. आई म्हणते, ‘माझी मान कुठे दुखते आहे? मला ही तपासणी कशाला?’ वडिलांच्या मनात वेगळीच धास्ती आहे, की ज्या शब्दापुढे लोक ‘कॅन्सर’ जोडतात तोच शब्द आपल्या कागदावर कसा आला. हा शब्द मुळात कोणत्या अवयवाचा, दोन्हीकडे तोच का, आणि दोन्ही आजारांचा काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे.

मी ३० वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी हाच प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी विचारला आहे, त्यामुळे आपण काही अडाणी शंका विचारली असे कृपया मनात आणू नका. संबंधापुरते उत्तर आधी देते. वडिलांचा आजार मानेच्या मणक्यांच्या झिजेचा आहे, आईची तपासणी गर्भाशयाच्या खालच्या टोकाची आहे, आणि या दोन गोष्टींत नावाखेरीज काहीही समान नाही. अहवालावर ‘सर्व्हायकल’ आले म्हणून कॅन्सरची शंका घेण्याचे वडिलांना कारण नाही. त्यांची झीज किती गंभीर आहे, हे मात्र शब्दावरून ठरत नाही आणि अहवाल न पाहता मी ते सांगू शकत नाही. हातांत बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, शर्टाची बटणे लावणे जड जाणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे लगेच जावे.

आता शब्दाकडे वळू. लॅटिन भाषेत ‘सर्व्हिक्स’ म्हणजे मान, आणि त्यातही मुख्यतः मानेची मागची बाजू, ज्याला आपण मानगूट म्हणतो. मानेसाठी रोमन लोकांकडे आणखी एक शब्द होता, ‘कॉलम’. तो सबंध मानेसाठी किंवा गळ्यासाठी वापरला जाई, तर जेथे बैलाचे जू टेकते, जेथे ओझे पेलले जाते, तो भाग म्हणजे ‘सर्व्हिक्स’. एखादे संकट किंवा शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला की रोमन लोक तो ‘आमच्या मानगुटीवर’ आहे असे म्हणत, आणि त्या वाक्प्रचारात हाच शब्द असे. मराठीतले ‘मानगुटीवर बसणे’ त्याच्या किती जवळ आहे, हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा फार आनंद झाला होता. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची वाट वेगळी होते. आपल्याकडे ताठ मान हे स्वाभिमानाचे लक्षण आहे, तर लॅटिन बायबलमध्ये ‘कठीण सर्व्हिक्स असलेले लोक’ म्हणजे हट्टी, न वाकणारे लोक.

जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द बहुधा अनेकवचनीच वापरत असत, एकाच माणसाच्या मानेसाठीसुद्धा. तो एकवचनात प्रथम वापरण्याचे श्रेय क्विंटिलियन हा रोमन लेखक हॉर्टेन्सियस या वक्त्याला देतो. ज्या शब्दाचे एकवचनसुद्धा कधीकाळी नवे वाटत होते, तो आज आपल्या पॅथॉलॉजीच्या कागदावर छापून येतो.

मानेचा शब्द गर्भाशयापर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी मध्ये एक भांडे ठेवावे लागते. आपण सुरईची मान म्हणतो, बाटलीचा गळा म्हणतो. पोट रुंद, वर निमुळता भाग आणि टोकाला तोंड, अशी वस्तू दिसली की माणसाला आपले शरीर आठवते. रोमन लोकांनीही तेच केले. पेट्रोनियसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका श्रीमंताच्या मेजवानीचे वर्णन केले आहे, त्यात काचेच्या मद्यकुंभांच्या मानेवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, आणि त्या मानेसाठी शब्द ‘सर्व्हिक्स’ हाच आहे. म्हणजे भांड्याच्या निमुळत्या भागाला ‘सर्व्हिक्स’ म्हणणे ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. त्याच शतकात सेल्सस या लेखकाने वैद्यकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि गर्भाशयाच्या निमुळत्या भागासाठी हाच शब्द योजला.

शवविच्छेदनगृहात मी मुलांना हे दाखवत असे. कटिभाग मधोमध उभा छेदलेला असतो, त्यामुळे गर्भाशयाचा अर्धा भाग समोर उघडा दिसतो. संपूर्ण अवयव जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांबीचा, उलट्या धरलेल्या नासपतीसारखा. वरचा फुगीर भाग बोटाने दाबला तर जाड, मांसल लागतो. खाली येता येता तो निमुळता होतो, आणि शेवटचा सुमारे अडीच-तीन सेंटिमीटरचा दंडगोल भाग योनीत थोडासा डोकावतो. त्याच्या टोकाला एक छिद्र असते. मूल न झालेल्या स्त्रीमध्ये ते बारीक आणि गोल असते, तर बाळंतपण झालेल्या स्त्रीमध्ये आडव्या चिरेसारखे. एखादी विद्यार्थिनी तो नमुना हातात घेऊन उलटा करी, निमुळती बाजू वर येई, आणि मला पुढे काही सांगावे लागत नसे, कारण तिच्या हातात एक छोटी सुरईच दिसे.

ग्रीकांनी ही तुलना याहूनही पुढे नेली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास एफेससचा वैद्य सोरानस याने गर्भाशयाचे भाग सांगताना तोंड, मान, खांदे असे शब्द वापरले आहेत. म्हणजे त्याच्या लेखी तो जणू एक उलटा माणूसच होता. मानेसाठीचा ग्रीक शब्द ‘ट्रॅकेलॉस’. तो आजही शिल्लक आहे. गर्भाशयाचा फक्त हा खालचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘ट्रॅकेलेक्टॉमी’ म्हणतात.

येथे जुन्या ग्रंथांविषयी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. युरोपातील जुन्या शरीररचनेच्या पुस्तकांत ‘गर्भाशयाची मान’ हा शब्द नेहमी आजच्या अर्थाने येत नाही. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या, व्हेसेलियस या शरीररचनाकाराच्या ग्रंथात तो आपण ज्याला योनिमार्ग म्हणतो त्या भागासाठी वापरलेला आढळतो. त्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोंबो आणि फॅलोपियो या इटालियन शरीररचनाकारांच्या लेखनातून योनिमार्गासाठी ‘व्हजायना’, म्हणजे तलवारीची म्यान, हा शब्द पुढे आला आणि मान फक्त वरच्या निमुळत्या भागापुरती उरली. आपल्याकडेही याच्यासारखे काही आहे. सुश्रुताने योनी शंखाच्या नाभीसारखी, तीन वेढ्यांची सांगितली आहे आणि तिसऱ्या वेढ्यात गर्भशय्या असते असे म्हटले आहे. म्हणजे त्या एका शब्दात तो सबंध मार्ग सामावलेला होता. अवयवांच्या सीमा जशा नीट दिसू लागतात, तसे शब्द आकसत जातात.

सुश्रुताच्याच त्या अध्यायात गर्भशय्येला रोहित माशाच्या मुखाची उपमा दिलेली आहे. आपल्या परंपरेला तेथे तोंड दिसले, आणि मराठी त्याच बाजूची आहे. प्रमाण मराठीत ‘गर्भाशयमुख’ म्हणतात, आणि आपल्या बायका शतकानुशतके गर्भाशयाला ‘पिशवी’ व त्या छिद्राला ‘पिशवीचे तोंड’ म्हणत आल्या आहेत. प्रसूतिगृहात सुईण किंवा परिचारिका ‘तोंड किती उघडले’ असेच विचारते, आणि ते १० सेंटिमीटर उघडले की बाळाच्या डोक्याला वाट मिळते. काही सरकारी पत्रकांत ‘गर्भाशय ग्रीवा’ असाही शब्द दिसतो, तो लॅटिनचा शब्दशः अनुवाद आहे. तो चुकीचा नाही, पण तो वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, म्हणून मला तो आवडत नाही. खरे तर लॅटिन परिभाषेतही तोंड आहेच. सोनोग्राफीच्या अहवालात ‘इंटर्नल ओएस’, ‘एक्स्टर्नल ओएस’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘ओएस’ म्हणजे लॅटिन ‘ओस’, अर्थात तोंड. पाश्चात्त्यांनी मानेला तोंड दिले आणि आपण पिशवीला.

तर हा शब्द दोन अवयवांचा झाला कसा, याचे उत्तर असे की तो एका आकाराचा शब्द आहे: मोठ्या भागाच्या टोकाला असलेला निमुळता भाग. म्हणून तो दोनच ठिकाणी थांबलेला नाही. दाताचा मुकुट आणि मूळ जेथे मिळतात, हिरडीलगतच्या त्या खाचेलाही दाताची मान म्हणतात, आणि दंतवैद्य तेथल्या किडीला ‘सर्व्हायकल केरीज’ म्हणतात. मूत्राशयाच्या मानेलाही लॅटिन परिभाषेत हेच नाव आहे. उलट मांडीच्या हाडाच्या मानेसाठी दुसरा शब्द, ‘कॉलम’, योजलेला आहे. त्याच शब्दापासून शर्टाची ‘कॉलर’ आली. वडिलांना मानेचा पट्टा दिला असेल तर दुकानदाराने बिलावर ‘सर्व्हायकल कॉलर’ लिहिले असेल; त्या दोन शब्दांत रोमन लोकांच्या दोन्ही माना शेजारी शेजारी उभ्या आहेत.

गोंधळ खरा कोठे होतो, तर जेथे शेजारचा शब्दही तोच असतो तेथे. ‘सर्व्हायकल स्टेनोसिस’ म्हणजे मणक्यांतील मज्जारज्जूची वाट अरुंद होणे, आणि ‘सर्व्हायकल स्टेनोसिस’ म्हणजेच गर्भाशयमुखाची वाट अरुंद होणे. ‘सर्व्हायकल इरोजन’ दंतवैद्याच्या कागदावर दाताच्या मानेवरची झीज असते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदावर पिशवीच्या तोंडावरचा लालसर भाग. डॉक्टर स्वतः गोंधळत नाहीत, कारण रुग्ण त्यांच्यासमोर बसलेला असतो. कागद घरी जातो आणि नातेवाईक तो इंटरनेटवर शोधतात, तेव्हा दुसऱ्याच्या आजाराची माहिती आपली समजून वाचली जाते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आणि घरच्यांनाही एक सोपा भेद सांगत आले. ‘सर्व्हिक्स’ हे नाम एकटे आले तर आजच्या वैद्यकीय व्यवहारात ते गर्भाशयाचेच समजावे. ‘सीए सर्व्हिक्स’ म्हणजे पिशवीच्या तोंडाचाच कर्करोग, दुसरा कोणता नाही. ‘सर्व्हायकल’ हे विशेषण आले तर मात्र थांबून पुढचा शब्द वाचावा, कारण विशेषण कोणाचे आहे हे तोच सांगतो. पुढे स्पाइन, डिस्क, कॉर्ड, रिब असे असेल, किंवा सी५-सी६ असे आकडे असतील, तर ती मान. हे आकडे मानेच्या ७ मणक्यांचे आहेत, वरून खाली मोजलेले. पुढे स्मिअर, बायॉप्सी, एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू), सीआयएन (कर्करोगापूर्वीचे पेशींतले बदल) असे असेल तर ते पिशवीचे तोंड. एक जागा फसवी आहे: ‘सर्व्हायकल लिम्फ नोड’ म्हणजे मानेतल्या गाठी, आणि एखाद्या स्त्रीवर पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे उपचार चालू असले तरी तिच्या कागदावरही त्याचा अर्थ मानेतल्या गाठी असाच असतो. तेथे अंदाज न करता डॉक्टरांना विचारावे.

उच्चाराबद्दलही विचारले जाते. ‘सर्व्हायकल’ आणि ‘सर्व्हिकल’ हे दोन्ही उच्चार आपल्याकडे ऐकू येतात. पहिला ब्रिटिश वळणाचा आहे, आणि लॅटिनच्या षष्ठीच्या रूपात तेथे दीर्घ ‘ई’ आहे, म्हणून त्यात त्या जागी जोर येतो. दुसरा अमेरिकी वळणाचा आहे. उच्चारावरून अवयव बदलत नाही.

‘स्पॉन्डिलोसिस’बद्दल थोडेच सांगते. ग्रीक ‘स्पॉन्डिलॉस’ म्हणजे मणका. सूत कातण्याच्या चातीच्या गोल चकतीलाही ग्रीक हाच शब्द वापरत. मराठीत मण्यावरून मणका झाला, आणि पाठीतली हाडांची माळ हाताला तशीच लागते. या शब्दाच्या शेवटी ‘ओसिस’ असेल तर झीज, ‘आयटिस’ असेल तर दाह. लोक सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात, पण वडिलांच्या कागदावर ‘ओसिस’ आहे आणि वाढत्या वयात ही झीज थोड्याफार प्रमाणात बहुतेकांच्या मानेत दिसते.

आता आईंकडे येते, कारण आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची ओळ ‘माझी मान कुठे दुखते आहे’ ही वाटली. हे वाक्य मी यापूर्वीही ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी तपासणी शिबिरात मी मदतीला गेले होते. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘सर्व्हायकल तपासणी शिबिर’ असे लिहिले होते. सकाळी पहिल्या रांगेत बसलेल्या एका बाईंच्या गळ्यात मानेचा पट्टा होता. दोन तास थांबल्यावर त्यांना कळले की ही मानेची तपासणी नव्हे, आणि त्या संकोचून उठल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारले, ‘ताई, पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘ती होय? मग तसं लिहायचं ना. शेजारच्या दोघी याच्यासाठीच यायच्या होत्या, पण मान दुखत नाही म्हणून थांबल्या.’ त्या दिवशी दुपारी आम्ही फलकावर कागद चिकटवून मराठी नाव लिहिले. शब्द कळला नाही म्हणून दोन बायका घरी राहिल्या, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

या तपासणीचे मोल आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे, हे आईंना जरूर सांगा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३०,००० हून अधिक ग्रामीण स्त्रिया होत्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी उपलब्ध करून दिलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, ती न मिळालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्याने कमी असल्याचे दिसले. मुलींसाठी याच विषाणूवरची लस आता पुण्यात तयार होते, आणि तिच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या नावातही तीच रोमन मान आहे.

आईंना कोणती चाचणी आणि किती वर्षांनी, हे त्यांच्या वयावर, पूर्वीच्या अहवालांवर आणि त्यांच्या डॉक्टरांकडे कोणती सोय आहे त्यावर ठरेल. एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या. आईंची ‘पिशवी काढलेली’ असेल तर ती मुखासकट काढली की मुख ठेवून वरचाच भाग काढला? मराठीत दोन्हींना आपण पिशवी काढली असेच म्हणतो, पण तोंड शिल्लक असेल तर तपासणीची गरजही शिल्लक असते. शस्त्रक्रियेच्या कागदावर ‘टोटल’ लिहिले असेल तर मुख काढले आहे आणि ‘सबटोटल’ असेल तर ठेवले आहे. मुख काढलेले असले तरी शस्त्रक्रिया कशासाठी झाली होती यावर पुढचे अवलंबून असते, त्यामुळे तो कागद सोबत न्यावा.

तपासणी पाळीच्या दिवसांत ठेवू नये, आणि आधीचे दोन दिवस योनिमार्गात कोणतेही औषध वापरू नये. प्रत्यक्ष तपासणीला काही मिनिटेच लागतात. थोडा ताण जाणवतो, भूल लागत नाही. दोघांच्या फायली घरात वेगळ्या ठेवा, आणि वडिलांच्या फायलीवर ‘मानेचे मणके’, आईंच्या फायलीवर ‘पिशवीचे तोंड’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा.